खोकला की बोली?

लिलावघरात त्यांना सगळे खाकरेमामा म्हणत. नवख्या माणसाला वाटे, आडनावच असेल. पोस्टमनलाही तसंच वाटत होतं. एकदा कुणी तरी ‘श्री. खाकरे’ म्हणून पाठवलेलं पार्सल त्याने आणून दिलं आणि मामांनी ते मुकाट्याने सही करून घेतलं. खरं आडनाव विचारलं तर मामींनाही क्षणभर छताकडे बघावं लागे.

मामांचा धंदा मोडक्या खुर्च्यांचा. शहराच्या टोकाला ते लिलावघर होतं. मोडलेले संसार, बंद पडलेल्या कचेऱ्या, म्हातारपणी लहान घरात जाणाऱ्या लोकांचं न मावणारं सामान असं सगळं तिथे येऊन पडे. मामा लंगड्या, फाटक्या, पाठ मोडलेल्या खुर्च्या घेत, घरामागच्या खोलीत नेऊन त्यांना पाय बसवत, वेत विणत आणि विकत. एखादी खुर्ची हाती लागली की आधी तिच्यावर बसायचे नाहीत. तिला उलटी करून पोटाकडून बघायचे. म्हणायचे, “वरून सगळ्याच बऱ्या दिसतात.”

आता त्यांच्या नावाची गोष्ट. त्या लिलावघरात जुन्या लोकांनी हात वर करून बोली लावायची नाही असा रिवाज होता. हात वर करणारा तो नवखा, आणि नवख्याला बघून बाकीचे उगाच किंमत चढवायचे. त्यामुळे प्रत्येकाची आपली एक खूण. घड्याळवाला भुवई उडवी. भांडीवाला मान डोलवी. आरशेवाला नाकाचा शेंडा चोळी. जांभईसुद्धा गालिचेवाल्याच्या नावावर होती, त्यामुळे दुपारच्या लिलावात बाकीचे लोक जांभई आली की तोंड रुमालात खुपसत. मामा धंद्यात आले तेव्हा शरीरावर फारशा खुणा उरल्याच नव्हत्या. लाजऱ्या स्वभावाचा हा जवान पहिल्या दिवशी नुसताच घसा खाकरत उभा राहिला. वर उभ्या असलेल्या पुकाऱ्याने त्यालाच बोली समजून हातोडा आपटला, मामांच्या पदरात एक डुगडुगती खुर्ची पडली आणि खूण जन्माची ठरली.

बाकी वर्षभर त्यात काही वाईट नव्हतं. पंचाईत व्हायची थंडीत. सर्दी झाली की मामांचा खोकला बेलगाम, आणि पुकाऱ्याला मामांचा नुसता आवाज पुरे. एका हिवाळ्यात मामांनी शाळेची पितळी घंटा घेतली, पुढच्या हिवाळ्यात न्हाव्याची फिरती खुर्ची (ती निदान खुर्ची तरी होती), आणि एकदा तर दार नसलेलं कपाट घेऊन नंतरच्या उबळीत त्याच कपाटाची किंमत स्वतःच चढवली. सगळं लिलावघर पोट धरून हसलं. मामी हसल्या नाहीत. तेव्हापासून मामांना शिंक आली रे आली की त्या त्यांच्या चपला लपवून ठेवत.

त्या वर्षी मात्र चपला लपवून चालणार नव्हतं.

मामांचे उस्ताद वारले. ज्यांच्या हाताखाली मामा पटाशी धरायला शिकले, ते. उस्तादांना मूलबाळ नव्हतं. पुतण्या आला, घर रिकामं करून गेला आणि सामान त्याने लिलावघरात लावलं. त्यात उस्तादांची हत्यारांची पेटी होती. पटाश्या, करवती, आणि मुख्य म्हणजे रंधे. फळीच्या कडेला गोल नक्षी काढणारे, खाच पाडणारे, वाकड्या पाठीवर चालणारे. असे रंधे आता कुणी घडवत नाही. जुन्या खुर्चीचा एखादा पाय नवा करायचा तर मामा आजवर उस्तादांकडे जाऊन तिथे बसून करायचे. पेटी गेली तर ते काम गेलं. मग उरणार फक्त खिळे ठोकणं आणि वेत विणणं.

पेटीवर दुसऱ्याही एकाचा डोळा होता. त्याला शोभेवाला म्हणत. मोठमोठ्या हॉटेलांच्या भिंतींवर जुन्या वस्तू टांगायचा त्याचा व्यवसाय. माणूस बोलायला गोड. लिलावाआधी सामान बघायला ठेवतात, तेव्हा त्याने उस्तादांचा रंधा हातात घेऊन मामांना दाखवला.

“काय सुंदर गुळगुळीत झालाय हो मामा! याला तेलपाणी केलं, मुठीत मधोमध एक स्क्रू मारला, की भिंतीवर असा बसतो म्हणता…”

ती मूठ उस्तादांच्या तळव्याने झिजलेली होती. तिच्यात स्क्रू म्हणजे मामांना आपल्याच पंजात स्क्रू गेल्यासारखं वाटलं. घरी आले आणि त्याच संध्याकाळी त्यांना पहिली शिंक आली.

“आली का?” मामी आतून म्हणाल्या.

“धूळ होती तिथे.”

“धुळीला नाव ठेवू नका. डोळे बघा आरशात.”

लिलाव आठवड्यावर आलेला. मामींनी त्या दिवसापासून घराचा दवाखाना केला. त्यांची श्रद्धा आल्यावर. आलं किसायचं, रस पिळायचा, त्यात मध आणि मिरपुडीची चिमूट. चमचा तोंडात गेला की मामांचे कान लाल व्हायचे आणि खोकला थोडा वेळ खरंच गप्प बसायचा. मग जरा दम खाऊन पुन्हा सुरू.

मामींची थोरली बहीण दोन गल्ल्या सोडून राहायची. तिची श्रद्धा वाफेवर. ती पुदिन्याची जुडी आणि नीलगिरीची बाटली घेऊनच आली. मामांना पातेल्यावर वाकवून वरून जाडी चादर टाकली आणि स्वतः बाजूला खुर्ची टाकून बसली.

“मेहुणे, नाकाने ओढा. तोंडाने नाही.”

चादरीखालून आवाज आला, “नाक असतं तर ओढलं असतं.”

“बोलू नका, वाफ जाते.”

नाक मोकळं झालं. मामांनी दोन दिवसांनी आपल्याच घराचा वास घेतला आणि खूष होऊन काही बोलायला तोंड उघडलं, तर सगळी सर्दी पायऱ्या उतरून घशात येऊन बसलेली. बहीण म्हणाली, हे चांगलं लक्षण आहे. मामी म्हणाल्या, कशाचं? यावर दोघी बहिणींत जे काही बोलणं झालं, त्यात मामांच्या सर्दीपेक्षा लग्नाआधीच्या गोष्टीच जास्त निघाल्या.

शेजारच्या निवृत्त शिंप्याने ज्येष्ठमधाची काडी आणून दिली. “गालात ठेवायची, चघळायची नाही. नुसती ठेवायची. माझा सगळा जन्म तोंडात टाचण्या धरण्यात गेला, मला विचारा.” काडी मामांना मानवली. गोडसर, लाकडासारखी, आणि लाकूड तोंडात धरायची सवय त्यांना होतीच.

तरीही मामी त्यांना डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या. बाई शांत स्वभावाच्या. त्यांनी छाती तपासली, घसा पाहिला, ताप नाही, दम लागत नाही म्हणून समाधानाने मान हलवली आणि काय काय चाललंय ते सगळं ऐकून घेतलं.

“मध चांगला. खोकल्याची ढास कमी होते त्याने, लहान बाळाला तेवढा देऊ नये. ज्येष्ठमधाने घशाला बरं वाटतं, पण रोज रोज नको, तुमचा रक्तदाब चढेल. वाफेने नाक सुटतं, भांडं मात्र सांभाळा, त्यात लोक भाजून घेतात. आल्याचं म्हणाल तर लोकांना बरं वाटतं, एवढंच मी सांगू शकते.”

“म्हणजे गुण कशाने येईल?” मामी म्हणाल्या.

“सर्दीला? ती तिची ती जाते. हे सगळं ती जाईपर्यंत सुखाने बसायला.”

“लिलावापर्यंत जाईल का?” मामांनी विचारलं.

“ती लिलाव बघून येत नाही हो.” बाई हसल्या. “फारच अडलं असेल तर एक सिरप देते. खोकला दाबेल. झोप मात्र येईल.”

मामा विचारात पडले. “पेंग आली तर मान डुलते का?”

“डुलणारच.”

“मग नको. मान भांडीवाल्याची आहे.”

बाईंना यातलं काही कळलं नाही. मामींनी बाहेर पडताना समजावून सांगायचा प्रयत्न केला, तेव्हा बाई आणखीच काळजीने मामांकडे बघू लागल्या.

मामा मग थेट पुकाऱ्याच्या घरी गेले. पुकाऱ्या अंगणात कुंड्यांना पाणी घालत होता. त्याची नजर अलीकडे मंद झाली होती, ठरलेल्या खुणा तेवढ्या दिसत, पण कान असा तयार की मागच्या रांगेतल्या खिशातली चिल्लरही त्याला ऐकू यायची.

“एक दिवस खूण बदलून द्या,” मामा म्हणाले. “पेटीपुरती.”

“कोणती घेता?”

“कान ओढतो.”

“दिवेवाल्याचा आहे.”

“टोपी काढतो.”

“टोपी शोभेवाल्याची. तुम्ही टोपी काढलीत तर पेटी त्याला जाईल.”

मामांनी हात वर करायचं नाव काढताच पुकाऱ्याने झारी खाली ठेवली. “मामा, हे बघा. तुम्ही हात वर केलात की सगळे समजतील, मामांना ही जीव की प्राण आहे. मग शोभेवाला तुम्हाला कुठवर नेईल सांगा?”

हे खरं होतं.

“खाकरा ना नेहमीसारखं. खाकरणं वेगळं, खोकणं वेगळं.”

“तुम्हाला फरक कळतो?”

“निरोगी माणसाचा कळतो,” पुकाऱ्या म्हणाला. “आणि एक सांगून ठेवतो. आपला परिचय घराचा. वर उभा राहिलो की हातोडा पडला तो पडला.”

आता खोकला आवरून नुसतं खाकरायला शिकवायचं काम मामींनी स्वतःच्या अंगावर घेतलं. खर्चाची हद्द आधीच ठरली होती. छपराचे पत्रे गंजले होते, ते बदलायला पैसे बाजूला काढलेले. ते सोडून जे काही होतं ते पेटीला. “पत्र्यांना हात लागता कामा नये,” मामींनी बजावलं होतं आणि मामांनी मान डोलावली होती, घरात ती कुणाच्या मालकीची नव्हती म्हणून. हद्द अशी आखलेली, त्यामुळे एकही खोकला फुकट परवडणार नव्हता. एक उबळ आली की स्वतःच्याच बोलीवर चढ.

मामींनी तालीम घ्यायचं ठरवलं. स्वयंपाकघरात स्टुलावर उभ्या राहिल्या, हातात लाटणं.

“हे पातेलं! बुडाला काळं, पण इमानी! कोण घेतं?”

मामा एकदा खाकरले.

“मामा! मामांची बोली! आणखी कुणी?”

आणखी कुणी नव्हतं. पण मामींच्या आवेशाने मामांना हसू आलं, हसण्यातून ढास लागली आणि लाटणं खाली येईपर्यंत आपल्याच पातेल्याची किंमत त्यांनी आकाशाला भिडवली.

“वा! आता हे पातेलं विकत घ्यायला घर विकायला लागेल.”

“तू हसवू नकोस.”

“तिथे कोण रडवणार आहे तुम्हाला? पुन्हा!”

अशा तालमी रोज झाल्या. मामींनी बारकाईने बघून ठेवलं की आलं-मधाच्या चमच्यानंतर खोकला साधारण बटाटे उकडेपर्यंत थांबतो, काडी गालात असली तर आणखी थोडा, आणि नुसतं आलं दिलं तर उलट खवखव वाढते. मग त्यांनी आलं वगळलं. आयुष्यभराची श्रद्धा, पण वगळली. बहिणीला अर्थात सांगितलं नाही. या सगळ्यात त्यांचं स्वतःचं नाक वाहायला लागलं होतं. त्या म्हणाल्या, वाफेचं पाणी असेल.

लिलावाच्या सकाळी दोघं भिंतीजवळच्या बाकावर जाऊन बसले. मामांच्या गालात काडी, मामींच्या मांडीवर मधाची बाटली आणि चमचा. आरशेवाला वाकून म्हणाला, “मामी, आज बाळाला घेऊन आलात वाटतं?”

“हो, आणि बाळ आज कुणाचं कपाट घेणार नाहीये,” मामी म्हणाल्या. आवाज त्यांचा जरा घोगराच होता.

पलंग गेले, दिवे गेले, गालिचे गेले. मामांच्या घशात मुंग्या चालत होत्या. डोळ्यांत पाणी आलं, कपाळाची शीर टरारली. मामींनी चमचा पुढे केला, त्यांनी गिळला, मुंग्या जरा थांबल्या. मधाने थांबल्या, की काडीने, की सर्दीचेच दिवस भरत आले होते, हे कुणाला सांगता आलं नसतं. थांबल्या एवढं खरं.

“हत्यारांची पेटी!” पुकाऱ्याने आवाज दिला.

शोभेवाल्याने टोपी काढली. मामा खाकरले. असं स्वच्छ, असं नेमकं खाकरणं त्या घराने कित्येक हिवाळ्यांत ऐकलं नव्हतं. आरशेवाल्याने कौतुकाने मान वळवली. टोपी. खाकर. टोपी. खाकर. भाव चढत गेला. मामा मधल्या वेळात श्वाससुद्धा नाकाने, हळूच घेत होते. शेवटी एक खाकर निघालं ते हद्दीवरचं. मामींना ते माहीत होतं, मामांना माहीत होतं.

शोभेवाल्याने सावकाश टोपी काढली आणि परत घातली.

मामांनी काडी गालातून काढून हातात घेतली. घसा मोकळा होता. अगदी मोकळा. हवं तेव्हा खाकरता आलं असतं, एवढं त्या घशाने कधी ऐकलं नव्हतं त्यांचं. पण पत्रे होते, आणि शब्द दिलेला होता. ते समोर बघत बसून राहिले. पुकाऱ्या कान देऊन थांबला, आणखी जरा थांबला. मग त्याचा हातोडा वर गेला.

तेवढ्यात मामी खोकल्या.

साधासुधा नव्हे, आठवडाभर दुसऱ्याच्या खोकल्याची उसाभर करताना स्वतःचा गिळलेला, दणदणीत खोकला. हातोडा हवेतच राहिला. आवाज मामांच्या बाकावरून आलेला, पण मामांचा नव्हे, हे त्या कानाला लगेच कळलं. उभ्या नोकरीत पुकाऱ्याने कुणाला काही विचारलं नव्हतं. या आवाजाला मात्र खूणच ठरलेली नव्हती. तो काय धरायचा?

“मामी,” तो म्हणाला, “खोकला की बोली?”

सगळ्या माना वळल्या. शोभेवाला हसून म्हणाला, “अहो, खोकलाच आहे. डोळे बघा त्यांचे.”

मामा घाईने म्हणाले, “खोकला आहे. सर्दी झालीय तिला.”

मामींनी पदराने नाक पुसलं. नवऱ्याकडे पाहिलं. त्यांच्या हातातली ती काडी त्यांनी बोटांत घट्ट आवळून पार चेपून टाकली होती. मामी एकदा शिंकल्या, मग पुकाऱ्याकडे बघून म्हणाल्या, “बोली.”

शोभेवाल्याचा हात टोपीपर्यंत गेला. तिथेच जरा घुटमळला. तो व्यापारी माणूस होता, भिंतीवरच्या शोभेला किती मोजायचं याचाही एक हिशेब असतो. हात खाली आला. हातोडा पडला.

पेटी हातगाडीवर चढली. मामा पेटीची दोरी पुन्हा पुन्हा आवळत होते.

“पत्र्यांचं काय?” त्यांनी शेवटी विचारलं.

“तुम्ही आहात ना. चढा वर आणि ठिगळं लावा.”

“मी खुर्च्यांचा माणूस.”

“मग खुर्ची घेऊन चढा.”

“खरं सांग. उबळ आली होती की…”

“आली होती,” मामी म्हणाल्या. “पण त्याने विचारलं ना. विचारल्यावर काय सांगायचं ते माझं मी ठरवलं. चला आता, मला थंडी वाजतेय.”

त्यानंतर सर्दी मामांची गेली आणि मामींची राहिली. बहीण आजही सांगते की मेहुण्यांना वाफेने गुण आला. शिंपी काडीचं नाव घेतो. मामींचं मत मधाचं, आणि डॉक्टरीणबाईंना कुणी विचारायला गेलं नाही. ते पुढचं. त्या दिवशी हातगाडी लिलावघराच्या फाटकाबाहेर आली, रस्ता ओलांडून पलीकडे गेली, आणि मामा थांबले. मागे वळून त्यांनी अंतर नीट पाहिलं. पुकाऱ्याचा कान कितीही तयार असला तरी इथवर पोचणार नव्हता. मग त्यांनी हातगाडीचा दांडा सोडला, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवले आणि भर रस्त्यात, जाणारे-येणारे बघत असताना, मनसोक्त खोकले.